मामांनी न दिलेला अर्ज

माझ्या सख्ख्या मामांनी मला फसवलं. आठवीत मला बीजगणित-भूमिती घ्यायची होती आणि त्यांनी माझ्या गळ्यात गृहविज्ञान घातलं. दुकानात मी गिऱ्हाइकाला भाव आधी सांगते, मग कापड उलगडते. इथेही तसंच करते आहे.

आम्ही सुरतेत उधन्याच्या बाजूला एका चाळीत राहायचो. चाळ सगळी खानदेशी. बाप्ये लूमवर, बायका घरी साड्यांना फॉल लावायच्या. माझ्या वडिलांना एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मामा मात्र एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. त्यांना गुजराती सफाईने लिहिता-वाचता यायचं, म्हणून चाळीतल्या प्रत्येक पोराचा शाळेचा कागद त्यांच्याच हातून भरला जायचा. मामांनी भरलं म्हणजे भरलं. माझे वडील म्हणायचे, "मामा शिकेल माणूस शे. त्याले समजस."

आमच्या चाळीत पुस्तकांची एक रीत होती. एक मुलगी वर गेली की तिची पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलीकडे यायची. पहिल्या पानावर नावांची शिडी असायची. वरची नावं खोडलेली, सगळ्यांत खालचं चालू मालकिणीचं. मुलांचा संच वेगळा, मुलींचा वेगळा. मुलींच्या संचात सामान्य गणित आणि गृहविज्ञान होतं, कारण चाळीतल्या पहिल्या मुलीने तेच घेतलं होतं. तिने का घेतलं ते तिलाही आठवत नव्हतं. पण तिच्यानंतरच्या चारही जणींनी तेच घेतलं. तुमच्या घरात काय पुस्तकं आली आहेत त्यावर तुमचा विषय ठरायचा, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मलाही वाटलं नसतं. पण सातवीच्या शेवटी गणिताच्या गुरुजींनी एक कोडं घातलं. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आज मुलगा किती वर्षांचा? मी बाजारात भाव लावतात तशी सुरुवात केली. एक धरला, नाही जमला. दोन धरला, नाही. असं करत करत बाराला पोचले आणि सगळ्यांच्या आधी ओरडले. गुरुजी म्हणाले, "बरोबर. पण मुलगा चाळीस वर्षांचा असता तर तुझी तासाची घंटा वाजून गेली असती." मग त्यांनी फळ्यावर एक 'क्ष' मांडला आणि दोन ओळींत मुलाचं वय काढून दाखवलं.

मला राग आला. खरंच आला. हा सोपा रस्ता होता आणि मला इतकी वर्षं कुणी सांगितला नव्हता! घासाघीस न करता नेमका आकडा हातात येतो, आणि तो पुढच्या वर्षी शिकवणार आहेत, हे ऐकून मी त्याच दिवशी ठरवलं की आपण बीजगणित घ्यायचं.

विषय निवडायचा कागद आला. तो नेहमीप्रमाणे मामांनी भरला. मी बाजूला उभी राहून सांगितलं, "मामा, बीजगणित लिहा."

"पुस्तकं कुठली आली आहेत तुझ्याकडे? गृहविज्ञानाची ना?"

"मी बीजगणिताची मागून आणीन."

"मग गृहविज्ञानाची पुढे कोणाकडे जाणार? मधेच साखळी तोडशील तू. पुढल्या वर्षी माझी पोर येते आठवीत. तिला काय द्यायचं, तुझा क्ष?" आणि त्यांनी गृहविज्ञान लिहिलं.

मी इतकी भांडले की शेजारच्या खोलीतली बाई फॉल सोडून दाराशी आली. माय मला ओढत म्हणाली, "अवं, बीजगणित शिकीसन तू काय करशी?" मी म्हटलं, "भाव करसू!" सगळे हसले. मी हसले नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा हेडमास्तरांनी वर्गात सांगितलं की ज्यांना विषय बदलायचा असेल त्यांनी पालकांचा अर्ज आणावा. मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. वडील त्या आठवड्यात दिवसपाळीला होते, त्यांना शाळेच्या वेळेत यायला जमणार नव्हतं. पण त्यांनी सही केली. तीन अक्षरांची सही त्यांनी एवढी जपून केली की मला वाटलं, कागद फाटेल. हेडमास्तर पालकाच्या हातूनच अर्ज घेत, म्हणून तो मामांकडे दिला. मामांची पेढी शाळेच्या रस्त्यावर होती.

चार दिवसांनी मामा म्हणाले, "गेलो होतो. यादी वर कचेरीत गेली म्हणे. आता बदल होत नाही."

मी मान्य केलं. आजवर मी केलेला एकमेव सौदा असा, ज्यात समोरचा काय म्हणाला ते न तपासता मी हो म्हटलं. पुन्हा कधी तसं केलं नाही.

गृहविज्ञानाबद्दल खोटं कशाला बोलू, मजाही आली. पुस्तकात आदर्श घराचं चित्र होतं. त्यात बैठकीची खोली वेगळी, जेवायची वेगळी, आणि फुलदाणी कुठे ठेवावी यावर अर्धं पान. आमच्या एका खोलीत सहा माणसं झोपायची. फुलदाणी ठेवली असती तर एकाला बाहेर झोपावं लागलं असतं. माझ्या आधीच्या कुणीतरी त्या पुस्तकातली खीर खरोखर करून पाहिली होती, त्या पानाला अजून वेलचीचा वास होता. परीक्षेत आदर्श स्वयंपाकघर काढायचं आलं, तेव्हा मी पट्टी घेऊन आमच्याच खोलीचा नकाशा काढला. चूल, मोरी, कपडे वाळवायची दोरी आणि पाटा, सगळं मापात. बाई म्हणाल्या, "अगं, ही भूमिती झाली." मी म्हटलं, "हो ना बाई, मी तेच म्हणत होते."

पुढच्या जूनला मामांची मुलगी आठवीत आली. पुस्तकांच्या शिडीत माझ्या नावाखाली तिचं नाव लिहायला मी पेन घेऊन बसले, तर ती म्हणाली, "ताई, नको. मला बीजगणित मिळालंय."

"कोणी दिलं?"

"बापूंनी. त्यांच्या पेढीवर कोणी सांगितलं, बीजगणित असलं की पुढे बँकेत लागता येतं. नवी पुस्तकं आणली."

नवी! पाच मुलींच्या हातांतून आलेली साखळी माझ्यापाशी येऊन थांबली. जिच्यासाठी माझा क्ष गेला, तिलाच तो मिळाला, कोऱ्या कव्हरसकट. ती पोर बिचारी रडायला लागली, कारण मी तिचं पुस्तक हिसकावलं होतं. मग मीही रडले, आणि दोघींना एकाच ताटातली खिचडी खाऊ घालून मायने गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेले.

"सर, गेल्या वर्षी यादी वर गेली म्हणून मला बदल मिळाला नाही. हिला कसं मिळालं?"

त्यांनी चष्मा वर केला. "गेल्या वर्षी मी दिवाळीच्या सुटीपर्यंत बदल करून देत होतो. तुझा अर्ज कुठे आहे?"

"मामांनी आणून दिला."

"कोण मामा? माझ्याकडे तुझ्यासाठी कोणी आलंच नाही."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. आधी रडले, मग हिशेबाला बसले, हा माझा स्वभावच. म्हटलं, "मग आता द्या."

"एक वर्ष मागे पडलीस. नववीचं कसं जमेल?"

"आठवीचा पेपर वार्षिकात हिच्याबरोबर देते. पास झाले तर?"

"नियमात नाही."

"नियमात नसेल तर नुसता तपासून तरी द्या. तेवढं तर तुमच्या हातात आहे ना?"

ते हसले. "तू कापड विकायला जाणार आहेस, पोरी." पण हो म्हणाले.

वर्षभर मी मामांच्या मुलीला बीजगणित शिकवलं. म्हणजे ती शाळेतून शिकून यायची आणि मला सांगायची, मी ते समजून घेऊन तिला परत समजवायची. थंडीत तापीकाठी पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, खायला गेलो तरी वही बरोबर. शेंगदाणे-शेव टाकून पोंक चघळता चघळता समीकरणं सोडवली. वार्षिकात मी शेवटच्या बाकावर बसून पेपर दिला. तिला अठ्ठावन्न, मला एक्काहत्तर. माझे एक्काहत्तर कुठल्याच निकालात आले नाहीत. हेडमास्तरांनी लाल शाईने आकडा टाकून कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मी चुकलो. अर्ज मुलीच्या हातून घ्यायला हवा होता." एवढं कोणी मोठं माणूस मला कधी म्हणालं नव्हतं.

पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. मामांची मुलगी बँकेत गेलीच नाही. मॅट्रिकनंतर तिला गुजराती साहित्याचा नाद लागला, आता ती शिक्षिका आहे आणि तिचं बीजगणित कुठे गेलं ते तिलाच ठाऊक नाही. मी सत्तरच्या दशकात साड्यांचं बोचकं खांद्यावर घेऊन दारोदार फिरले, मग बाजारात एका खणाची जागा भाड्याने घेतली, मग दुकान. गिऱ्हाईक "बेन, कंई ओछुं करो", काही कमी करा, म्हणालं की माझ्या डोक्यात आजही आधी क्ष मांडला जातो.

तेरा वर्षांच्या पोरीने आयुष्यभराचे विषय एका कागदावर ठरवावेत, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. माझ्या दुकानात घडी मोडली नसेल तर साडी आठ दिवसांत परत घेते. सुरतेत लहानातला लहान दुकानदार घेतो. शाळेने माझी घडी मोडली नव्हती. हेडमास्तर दिवाळीपर्यंत परत घ्यायला बसले होते. माल परत घेऊन जाणारा माणूसच मध्ये अडला.

मामांच्या मुलीच्या लग्नात, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, मी पंगतीत जिलबी वाढत असताना मामांना विचारलं, "अर्ज कुठे गेला?" ते म्हणाले, "आधी वाढ, मग बोलू." मी जिलबी वाढली. बोलणं राहिलं.

आता मामा खूप थकले आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, पण चहा आला की पहिल्या हाकेला उठतात, तेव्हा हे त्यांना ऐकू येईलच. मामा, दुकान माझं आहे, पोरंबाळं माझी चांगली आहेत, तुमच्यावर राग धरून मी काही सुकले नाही. पण माझ्या बापाने दिवसभर लूमवर उभं राहून, जपून जपून तीन अक्षरं काढली होती त्या कागदावर. तो कागद कुठल्या खिशात ठेवलात, आणि शाळेवरून जाताना पाय आत का वळला नाही? चहा मी आणते. उत्तर तुम्ही द्या.