टोनचं बटण

नांदेडच्या एका दुकानदारानं बिघडलेली इलेक्ट्रिक गिटार माझ्या गळ्यात मारली, हा राग मला अजून आहे. टोनचं बटण खाली फिरवलं की आवाज मऊ व्हायच्या ऐवजी बंदच पडायचा. संध्याकाळी भोकरला माझ्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम, आणि हा दुकानदार गिटार बदलून द्यायला तयार नव्हता.

"बघून घेतली होती ना, शेठ?" तो म्हणाला.

"बघून घेतली, आत घुसून न्हाई!" मी काउंटरवर हात आपटला.

वायरी जोडायची सोल्डरची तार घ्यायला आलेल्या एका बाईनं न विचारताच गिटार ओढून घेतली आणि मागचं झाकण उघडलं. मला म्हणाली, "दादा, जाडी तार वाजवत राहा." पेनाच्या टोकानं एकेक वायर हलवत ती ऐकू लागली. रागात मी तार ओरबाडली.

"हळू, दादा. गिटारनं काय केलंय तुमचं?"

दुकानदार हसला. ती त्याच्याकडं वळली. "हसू नका. सोल्डरचा डाग तुम्हीच दिलाय ना?"

टोनच्या बटणाला जोडलेल्या कपॅसिटरचे दोन्ही पाय सोल्डरच्या एकाच थेंबात अडकले होते. "यानं नुसती किरकिर काढायची, तर हे सगळा आवाज गिळून राहिलंय." तिनं दुकानातलीच डाग द्यायची इस्त्री तापवून थेंब काढला आणि बटण हळूहळू फिरवलं. आवाज मऊ होत गेला, पण तुटला नाही.

इतकं मन लावून ऐकणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. दुकानदाराला सुनावायचं बरंच उरलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "अजून एकदा." मी वाजवत राहिलो.