चौखूर आणि माझे सासरे

समोरच्याला एकही वाक्य पुरं करू न देणारा माणूस रोह्यात शोधायला निघालात, तर थेट माझ्या सासऱ्यांच्या ओटीवर पोहोचाल. तुम्ही बोलू लागलात की ते मध्येच एखादा शब्द पकडतात, त्याचं मूळ सांगतात आणि तुम्हाला पटेपर्यंत चहा मागवत नाहीत. गेल्या वर्षी त्यांना ‘चौखूर’ने झपाटलं होतं. ‘चौ म्हणजे चार, खूर मूळचा संस्कृत. चारही खूर उधळत घोडा जिवाच्या करारावर पळतो ना, ते चौखूर,’ हे त्यांनी दूधवाल्यालाही ऐकवलं. कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला शेजारी चुकून ‘गॅलप’ म्हणाला, तर त्याला म्हणाले, ‘इंग्रजांनीसुद्धा तो फ्रेंचांकडून उचललाय. आपण उष्टा शब्द कशाला घ्यायचा?’ पेपरात ‘भरधाव ट्रक’ वाचला की त्यांचा दिवस नासायचा. घोड्याचा शब्द ट्रकला दिलेला त्यांना खपत नसे.

अशात माझ्या मेहुण्याचं लग्न ठरलं. मुलगी पेणची. नवरदेवाने मांडवात घोड्यावरूनच जायचं, हा हट्ट अर्थात सासऱ्यांचा. ‘गरीब घोडा हाय काका, बँड वाजला तरी हलायचा नाय,’ घोडेवाला म्हणाला. बँडला तो खरंच हलला नाही. फटाक्यांची माळ लागली तेव्हा मात्र लगाम हिसकून नवरदेवासकट सुटला.

सासरे मागे धावले. वय सत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. आधी ते वऱ्हाडाला धीर देत होते, ‘दुडकी चाल आहे, घाबरू नका.’ मग घोड्याने वेग घेतला आणि ते वऱ्हाडाला मागे टाकून धावत सुटले.

वळणावर गणपतीच्या कारखान्याबाहेर शाडूचा ढीग होता. मेहुणा नेमका त्यावर पडला. मी धापा टाकत पोहोचलो, तेव्हा सासरे तिथेच बसून त्याचं एकेक बोट दाबून बघत होते. हाड मोडलं नव्हतं. फेटा तेवढा मातीत गेला होता.

‘कसला पळला हो घोडा! काय म्हणायचं याला?’ घोळक्यातल्या एकाने विचारलं. आता व्याख्यान होणार म्हणून मी सावरून उभा राहिलो.

‘काय माहीत,’ सासरे म्हणाले. ‘मी पोराकडं बघत होतो.’

लग्न लागलं. परतताना पुढची सीट सोडून ते मागे, मुलगा आणि नव्या सुनेशेजारी बसले. नागोठणं गेलं तसा मेहुण्याला डुलका लागला आणि त्याचं डोकं बापाच्या खांद्यावर कलंडलं. तिशीच्या पोराचं डोकं, जडच असणार. रोहा येईपर्यंत सासरे हलले नाहीत.