एक केस कमी होती

आणीबाणीतला एक बुधवार. शिरूरला आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत दार आतून लावलेलं... आणि आम्ही सगळी पदवीधर मंडळी, तिथे हजर नसलेल्या एका माणसाचं काय करायचं ते ठरवत होतो.

परवा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, तेव्हा कशी शिस्त होती, दौंडला गाड्या वेळेवर यायच्या. यायच्या हो. म्हणूनच लिहायला बसले.

नसबंदीच्या केसेस आणायचं काम तेव्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं होतं. आम्हाला आकडा दिलेला, तो भरेपर्यंत पगार बंद. आमची एक केस कमी होती. शुक्रवारी दौंडला कॅम्प होता, त्यासाठी सकाळी जीप येणार होती.

हेडसरांनी नाव काढलं ते बिरूचं. बिरू शाळेमागच्या माळावर मेंढरं चारायचा. वय तिशीचं, समज लहान मुलाची. आईबाप नव्हते, भावाच्या वस्तीवर राहायचा.

"त्याचं लग्न थोडंच व्हायचंय," हेडसर म्हणाले. "त्याचं काही जात नाही आणि आपल्या सगळ्यांचे पगार सुटतात. केस लग्न झालेलीच लागते, तर कागदावर बायको आणि तीन पोरं देऊन टाकू त्याला."

"चला, फुकटात संसार झाला बिचाऱ्याचा," कुणीतरी म्हणालं. हसलेही काहीजण...

मला संताप आला. पण खरं सांगते, त्या हिशोबातली चूक मला सापडेना. समोर गणिताचे पवार सर मान खाली घालून बसले होते. त्यांची बायको आजारी होती, इंजेक्शनं उधारीवर किती दिवस मिळणार... एकीकडे एवढी घरं, दुसरीकडे एक बिरू, ज्याला कळणारसुद्धा नव्हतं.

बिरूला तयार करायचं काम माझ्यावर आलं. एकदा त्याच्या पायातला काटा मी काढला होता, तेव्हापासून तो माझं ऐकायचा. माझी नोकरी कायम झालेली नव्हती. आणि जास्त बोलणाऱ्याला आत टाकतात, हेही सगळ्यांना माहीत होतं. मी "बरं" म्हटलं.

रात्री शाळेतलं एक आठवलं. कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या तासाला आमच्या सिस्टर विचारायच्या, होडी बुडतेय, एकाला ढकललं तर बाकीचे वाचतील, कुणाला ढकलाल? आम्ही मुली भराभर हात वर करायचो. म्हातारा, आजारी, चोर... उत्तरं तयार असायची. 'मी उडी मारते' असं कधी कुणी म्हटलं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर माळावर गेले. एकच ठरवलं होतं, त्याला सगळं खरं सांगायचं आणि तो म्हणेल ते करायचं. म्हणजे जबाबदारी माझी नाही... असा माझा साळसूद विचार.

मला धड बोलता येईना. अविवाहित बाई, असलं काही पुरुषाशी बोलायचं म्हणजे... कसंबसं सांगून टाकलं.

बिरूनं शांतपणे ऐकलं. "आमी मेंढं खच्ची करतो तसं का?"

"तसं नाही रे. पण मग पोरं होत नाहीत. तुला चालेल का? तू सांग."

त्याला हसू आलं. "मेंढ्याला कुणी इचारतं व्हय, बाई?" मग जरा विचार करून म्हणाला, "तुमी म्हनाल तसं. बसू का जिपीत?"

त्याचा होकार माझ्या हातात आला होता आणि त्याला काडीची किंमत नव्हती. मी 'कड्यावरून उडी मार' म्हटलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. म्हणजे ठरवायचं मलाच होतं. कुणाच्या आड लपायला जागा नव्हती.

"नाही बसायचं," मी म्हटलं. "उद्या उजाडायच्या आत मेंढरं घेऊन नदीकाठानं इनामगावकडे जा. चार दिवस इकडे फिरकू नकोस."

"व्हय," म्हणाला. तेही तितक्याच सहज.

शुक्रवारी जीप आली, बिरू नाही. स्टाफरूममध्ये हेडसरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय बाई, कुठंय तुमची केस?"

जीभ माझी लहानपणापासून माझं ऐकत नाही. "सर, एक केस आहे आपल्याकडे. लग्न झालेलं आहे, पाच मुलं आहेत, कागदावर खोटं काही लिहावं लागणार नाही. एवढ्या घरांचं भलं होत असेल तर नाही म्हणणार नाहीत... तुम्हीच विचारा, तुमच्याच खुर्चीत बसतात."

कुणी हसलं नाही. हेडसर उठून वर्गावर गेले. जीप रिकामी गेली.

दाराबाहेर पवार सरांनी मला थांबवलं. "बाई, तुमचं बरोबर असेल. पण तुमच्या बरोबर असण्यानं आमच्या हिचं इंजेक्शन येत नाही."

मी हातातल्या पाटल्या काढून त्यांच्यापुढे धरल्या, त्यांनी घेतल्या नाहीत. पगार निवडणुका लागेपर्यंत रखडला, आणि उन्हाळ्यात मला दुसरी शाळा शोधावी लागली.

ही हकीकत सांगितली की लोक हमखास विचारतात... पुढे बिरूचं लग्न झालं का? मुलंबाळं?

मला ठाऊक आहे, पण मी सांगत नाही. त्याला पोरं झाली असतील तर मी बरोबर आणि नसतील तर चूक, असं असेल, तर हेडसरांचाच हिशोब खरा होता.