लॅमिनेशन केलेली किल्ली

वडील चितेगावहून कंपनीच्या बसनं आले, हातपाय धुतले आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून म्हणाले, "पुण्याला जायचं ठरलं म्हणं तुझं."

मी पोळ्या लाटत होते. ठरलं काहीच नव्हतं. एम.एस्सी.साठी पुण्याला जावं का, एवढंच मी एकीला विचारलं होतं. आमच्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी तिकडं गेलेल्या ताईला, एका सोशल मीडिया साइटवर, खासगी मेसेजमध्ये. तिनं उत्तर दिलं होतं, "होस्टेलचा फॉर्म भरून टाक, घरी नंतर सांग." वडिलांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"घरी नंतर सांग. आम्ही काय परके हाव का?"

मी सांगणारच होते, शब्द जुळवत होते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. अशा घरात पुढची गोष्ट कधी आणि कशी काढायची, याला फार जपावं लागतं. ते सांगणं माझं होतं. दुसऱ्याच कुणीतरी ते उरकून टाकलं होतं.

आम्ही राहतो त्या छावणी भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. अकरावीच्या प्रवेशाला ईमेल लागतो म्हणून वडील मला तिथं घेऊन गेले होते. दुकानदारानं ईमेल काढला, नंबर स्वतःचा टाकला, पासवर्ड स्वतःच ठरवला आणि एका जाड वहीत माझ्या नावापुढं लिहून ठेवला. त्या वहीत अख्ख्या गल्लीचे पासवर्ड आहेत. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पुढं स्कॉलरशिपचे सगळे अर्ज त्याच ईमेलवर झाले आणि सोशल मीडियाचं खातंही मी त्यावरच उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले.

"भाऊ, तुम्ही माझे मेल वाचता का?"

"वाचतो कुठं ताई? स्कॉलरशिपचं काही आलं का म्हणून उघडतो, तर समोरच येतं. आता समोर आल्यावर डोळे मिटू का?" मग हसून म्हणाला, "काका साधे हायेत. तुमच्या भल्यासाठीच सांगितलं."

बाकावरचे दोघंतिघं माझ्याकडं बघायला लागले. मी "बरं" म्हणून परत आले. त्या "बरं"ची मला आजही चीड येते.

कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी शहागंजची एक मैत्रीण बसते. तिला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, साइट पूरा मेसेजच मेलमध्ये लिहून पाठवते. पोस्टकार्ड है वो! पोस्टमन पढेगाच ना!"

मग साइटचाही राग आला. मेसेज खासगी म्हणायचा आणि तोच उघडा करून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचा, हा कुठला न्याय? पासवर्ड बदलायचा तर ओटीपी दुकानदाराच्याच फोनवर जाणार. मैत्रीण म्हणाली, नवा ईमेल काढून खात्याला जोड. पण पत्ता बदलला की तशी सूचना जुन्या पत्त्यावर जाते. दुकानदार ती वाचणार, घरी सांगणार, आणि घरी विचारणार, "काय लपवायचंय?" शिवाय थोडा हट्टही होता. ईमेल माझ्या नावाचा, मग उठून मी का जायचं?

त्याच महिन्यात कॉलेजात मॅडमनी दोन किल्ल्यांचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप लावणं, शिकवलं; यातली किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ. एक किल्ली जाहीर. ती कुणालाही द्यावी, तिनं फक्त कुलूप लागतं. दुसरी खासगी. उघडतं ते तिनंच, म्हणून ती कुणाला द्यायची नाही. आमच्या साइटच्या सेटिंगमध्ये जाहीर किल्ली चिकटवायची जागा होती. मैत्रिणीनं आणि मी लॅबमध्ये माझ्यासाठी किल्ल्यांची जोडी बनवली, जाहीर किल्ली तिथं टाकली. त्यानंतर साइटचे मेल आले ते निव्वळ अक्षरांचा भुगा होऊन. ते फक्त मला उलगडता येत होते.

चारच दिवसांत दुकानदारानं हाक मारली. "ताई, तुमच्या मेलला व्हायरस लागलाय. या, काढून देतो." मी "राहू द्या" म्हणाले आणि घरापर्यंत एकटीच हसत गेले.

ते हसू टिकलं नाही. किल्ली हरवू नये म्हणून मी खासगी किल्लीची प्रिंट काढली होती. विसरायला नको म्हणून खाली पेनानं तिचा पासवर्डही लिहिला आणि कागद टीसी-मार्कशीटच्या फायलीत ठेवला. घरी कुणाला काही सांगितलं नाही. वडिलांच्या लेखी त्या फायलीतला प्रत्येक कागद म्हणजे माझं भविष्य. सुट्टीच्या दिवशी त्यांना त्यात एक उघडा कागद दिसला. संध्याकाळी त्यांनी तो माझ्या हातात दिला, चकचकीत.

"फॉर्मवाल्याकडनं लॅमिनेशन केलं बघ. लई कडक झालंय. त्यानं एक स्कॅनपण ठेवलंय, हरवलं तर असावं म्हणून."

मी वडिलांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ते घाबरून गेले, कागद फाटला की काय म्हणून उलटासुलटा करून बघायला लागले. ते पाहून मला रडू आलं. मग मी सगळं सांगितलं: वही, उघडे मेल, किल्ल्या. त्यांना कितपत समजतंय ते मला कळत नव्हतं. शेवटी त्यांनी गळ्यातला काळा दोरा शर्टाबाहेर काढला. त्याला कंपनीतल्या लॉकरची किल्ली असते.

"लॉकर कंपनीचं हाय," ते म्हणाले, "पण ही सुपरवायझरलाबी देत नाय मी. डबा आन् शर्टच असतो आत. तरी नाय." मग दोरा परत शर्टात सारून म्हणाले, "चल."

दुकानात त्यांनी वही मागितली. "हिच्या नावाची ओळ खोड. स्कॅनबी काढून टाक. आन् तुझ्या नंबरच्या जागी हिचा नंबर टाक."

"काका, इश्वास नाय का माझ्यावर?"

"इश्वास हाय. तरी खोड."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण खोडलं. त्याच्या फोनवर आलेला ओटीपी त्यानं वाचून दाखवला आणि मी तिथंच उभं राहून पासवर्ड बदलला. वहीत बाकी गल्ली तशीच आहे. ती आठवली की अजून संताप होतो. जुनी किल्ली रद्द करून दुसऱ्या दिवशी नवी जोडी बनवली. यावेळी पासवर्ड कुठंच लिहिला नाही.

परत येताना आम्ही गल्लीत वळलो. वडील म्हणाले, "त्या पोरीनं काय लिहिलं ते त्यानं सांगितलं. तू काय लिहिलं होतंस ते नाय सांगितलं."

मी तिथंच थांबून फोन उघडला आणि वाचलं, "ताई, मला यायचंय. पण पप्पांना एकटं वाटेल का, तेच कळत नाही."

"वाटंल की," ते म्हणाले. मग पुढं चालायला लागले. "फॉर्मची शेवटची तारीख कधी हाय?"