मापाचा तुकडा

“मरेलनं हाड मना घरमा नको म्हणजे नको!” शोभाबाईंनी सुनेनं काढलेल्या पिठाची परात ओट्यावर आपटली. “कोणाचं, कोण्या जातीचं, काही पत्ता नाही. अन् ते पायात घालून तू माझ्या देवासमोर बसशील?”

“दवाखान्यावाले नाव सांगत नाहीत आई,” वर्षा म्हणाली. दाराच्या चौकटीला टेकून, उजव्या पायावर भार न देता ती उभी होती. “गजूभाऊंच्या वेळी आपल्याला तरी कुठं कळलं, कोणाला काय गेलं ते?”

“गजूचं नाव काढू नको.”

दवाखान्याचा फोन सकाळी आला होता. वर्षाच्या गुडघ्याच्या मापाचा तुकडा मिळाला होता. एका मृत माणसाच्या गुडघ्यातली कूर्चा, खालच्या हाडासकट. तो फार दिवस टिकत नाही. सोमवारी दाखल व्हा, नाहीतर पुढच्या पेशंटला देऊ, असं त्यांनी सांगितलं होतं.

वर्षा लग्न होऊन पारोळ्याजवळच्या खेड्यातून शहरात, गोडादऱ्याला आली, त्या आठवड्यात शोभाबाईंनी तिच्याकडून ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी थापून घेतल्या आणि शेजारणींना बोलावून दाखवल्या. त्यानंतर त्यांनी स्वतः तव्याला हात लावला नाही. हे त्या अभिमानानं सांगत. “सून आली अन् मी सुटले.” वर्षा पहाटे सगळ्यांचे डबे करी, दुपारी जमिनीवर मांडी घालून व्यापाऱ्याच्या साड्यांना लेस लावी आणि संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभी राही.

दोन वर्षांपूर्वी भेस्तानच्या गरनाळ्यात, रुळांखालच्या बोगद्यात, तिच्या नवऱ्याची, ललितची बाईक घसरली. एका हातानं तो फोनवर बोलत होता. त्याचं कोपर खरचटलं. मागे बसलेल्या वर्षाचा गुडघा गाडीखाली आला. कूर्चेचा तुकडा निघून आत दोन रुपयांच्या नाण्याएवढा खड्डा पडला. आता गुडघा चालता चालता अडके. मांडी घालता येईना, म्हणून साड्या बंद झाल्या. स्वयंपाक बंद झाला नाही. खड्डा मोठा आहे, तुमच्याच गुडघ्यातला तुकडा काढून तो भरता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती दुसऱ्याच्या तुकड्याची वाट पाहत होती.

“चालतेस ना तू?” ललित पलंगावरून म्हणाला. “थोडी लंगडतेस, एवढंच. ऑपरेशननंतर दीड महिना पाय टेकायचा नाही म्हणतात. घराचं काय? आईनं करायचं या वयात?”

“असं सरळ बोला ना. मेलेल्याला मध्ये कशाला आणता?” वर्षा म्हणाली.

“जीभ बघा, आप्पा, हिची!” ललित वडिलांना म्हणाला.

सुकदेवआप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये उभा जन्म काढलेल्या या माणसाला घरातलं भांडण ऐकू येईनासं करण्याचा एवढा एकच उपाय माहीत होता. टीव्हीच्या वर गजेंद्रचा, त्यांच्या धाकट्या मुलाचा, हार घातलेला फोटो होता. गजूच्या अपघातानंतर डॉक्टरांनी त्याचा मेंदू मृत झाल्याचं सांगितलं, तेव्हा घरच्यांनी त्याचे डोळे, मूत्रपिंडं आणि पायांची हाडंसुद्धा दान केली. प्रेत आलं ते पायांत दांडे घालून, सरळ केलेलं. पुढं मोठ्या हॉलमध्ये शोभाबाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. मंचावर त्या म्हणाल्या होत्या, “मना गजू कोणाच्या तरी घरमा चालस.” रोज दिवा लावतानाही त्या हेच म्हणत.

“तुम्हीच दिलीत ना त्यांची हाडं?” वर्षानं विचारलं.

“देणं वेगळं. देणाऱ्याला पुण्य लागतं. घेणाऱ्याच्या अंगात मेलेला बसतो.”

वर्षानं फोटोकडे पाहिलं. मग ती अगदी शांतपणे बोलली.

“गजूभाऊंचं हाड ज्या घरात गेलं, तिथंही एखादी सासू असेल, आई. तिनंही विचारलं असेल, कोण्या जातीचं म्हणून. सुनेला म्हणाली असेल, स्वयंपाकघरात येऊ नको. तुमचा गजू त्या घरात चालत नाही. दाराबाहेर बसलाय.”

“वर्षा!” ललित उठून उभा राहिला. आप्पांनी टीव्ही बंद केला.

शोभाबाईंनी पदराचा बोळा ओठांवर दाबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी वर्षा तिथून हलली नाही, पाण्याचा तांब्याही पुढं केला नाही. मग शोभाबाईंनी पदर खाली घेतला.

“जा. घालून ये हाड. पण आल्यावर माझ्या शेगडीला, माठाला, देवाला हात लावायचा नाही. तुना हातनं मी खावाव नही.”

ही शिक्षा आहे, असंच त्यांना वाटत होतं. सून आता रडेल, पाया पडेल, दवाखान्याला फोन करून नको म्हणून सांगेल, म्हणून त्या थांबल्या.

“कधीपर्यंत?” वर्षानं विचारलं.

“मी जिवंत आहे तोपर्यंत.”

“आप्पा, तुमचं काय म्हणणं?”

“तुझी सासू सांगते तेच,” आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

“अन् तुमचं?” तिनं ललितला विचारलं.

“आई म्हणतेय तर राहा तशी थोडे दिवस,” ललित म्हणाला. “पुढं विसरेल ती.”

वर्षानं परातीतलं पीठ पुन्हा डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि डबा शोभाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

“सोमवारी मी दाखल होतेय,” ती म्हणाली. “आल्यावर या घरात मी स्वयंपाक करणार नाही. पाय बरा झाल्यावरही नाही.”