पाचवी तार उतरवली तेव्हा

आधीच सांगते, मी केमिस्ट आहे. धाटावच्या एका कंपनीत रोज सॅम्पल तपासते. रिपोर्टमध्ये आल्याशिवाय मी काही मानत नाही. अंगात येणं, दृष्ट काढणं... या विषयांवरची माझी वटवट घरात सगळ्यांना पाठ आहे. तरीही हे लिहितेय.

रोह्याच्या माझ्या सरांनी मला क्लासिकल गिटार शिकवली. एका आधुनिक स्पॅनिश रचनेवर ते सात वर्षं बसले होते. संगीतकार स्वतः गिटार वाजवणारा नव्हता, म्हणून छापणाऱ्यांनी अवघड जागी स्वर गाळून टाकलेले. ते परत बसवून वाजवता येईल अशी प्रत करायची, हे सरांचं वेड. सगळं जमलं, शेवटच्या पानावरचा एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, तेवढे सोडून. तो पोकळ वाटायचा. "इथे काहीतरी काढलंय गं," सर म्हणायचे. मूळ हस्तलिखितासाठी त्यांनी स्पेनला मेलही केली होती, उत्तर नाही. त्यात पक्षाघाताने त्यांचा डावा हात गेला आणि डॉक्टरांनीही फार आशा ठेवली नव्हती. एकदा पूर्ण ऐकायचंय, एवढंच त्यांचं मागणं. मी वाजवून दाखवायचं, रविवार ठरला.

शनिवारी दुपारी पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी तोच कॉर्ड घोटत बसले होते. शेजारी आमच्या जुन्या कारागीर तान्हीकाकू मूर्तींचे डोळे आखत होत्या. काकू जन्मापासून बहिऱ्या. आखणीआधी मूर्तीच्या पोटावर तळवा ठेवून आत ओल आहे का बघतात. असली तर मूर्ती परत उन्हात. त्या उठल्या, गिटारच्या पाठीवर तळवा ठेवला आणि खुणेने म्हणाल्या, वाजव. मी वाजवलं. त्यांनी मान हलवली — नाही. मग सुनेला हातवारे केले.

"आई म्हनतात, आत ओल हाय," रंजूवहिनी म्हणाली. "ही तार ढिली कर गो."

काकूंचं बोट पाचव्या तारेवर. मला हसूच आलं. म्हटलं, चला, म्हातारीचं मन राखू. वाजवत वाजवत खुंटी सैल करत गेले, काकूंचा तळवा तिथेच. अचानक त्यांनी माझं मनगट धरलं. स्वर दाखवणाऱ्या ट्यूनरवर बघितलं — जी, म्हणजे या तारेच्या नेहमीच्या ए पेक्षा एक स्वर खाली. अगदी बरोब्बर. कॉर्ड वाजवला... आणि खालून तो मोकळा स्वर असा काही आला, की माझे हातच थांबले. पोकळी भरली होती. काकू पुन्हा आखायला बसल्या.

रविवारी सरांच्या पलंगाशेजारी बसून वाजवलं. शेवटच्या पानाआधी तार उतरवली, तसे सरांनी डोळे उघडले. कॉर्ड वाजला. सर रडले, मीही. मग त्यांनी मोबाईल पुढे केला. सकाळीच स्पेनहून हस्तलिखिताचा फोटो आला होता. मला त्या कॉर्डवर थांबवून ते दाखवणार होते. संगीतकाराच्या अक्षरात खालचा जी होता, आणि वर सूचना — पाचवी तार एक स्वर उतरवा.

"तुला कोणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. तळव्याला कंप कळतात, हे मला मान्य आहे. पण नेमकं कुठे थांबायचं, ते? नंतर वहिनीला काकूंना विचारायला लावलं. "वाळलं तवा हात धरला, आनि काय," एवढंच उत्तर आलं.

सरांनी त्या दिवशी पेन्सिल मागितली. प्रतीवर 'संपादन' लिहिलं होतं, तिथे स्वतःच्या नावाच्या वर कापऱ्या अक्षरात लिहिलं — तान्हीबाई, पेण. सर जाऊन आता वर्ष होईल. प्रत माझ्याकडे आहे.