सारजाबाईंनी दाखवलेलं पाटोदा

पाटोद्याच्या महिला दूध संस्थेत अमेरिकेहून ग्लोरिया नावाची पाहुणी आली, तेव्हा तिला गाव दाखवायचं काम अध्यक्ष सारजाबाईंकडे आलं. त्यांनी देऊळ दाखवलं, बाजार दाखवला. पाहुणीनं काहीतरी विचारलं. सोबतची दुभाषी मुलगी म्हणाली, "हा रस्ता कुणी बांधला, असं विचारतायत."

सारजाबाई हसल्या. "आमीच की! बाहत्तरच्या दुष्काळात. हितं म्या खडी फोडली, अन् त्या लिंबाला लेकीची झोळी बांधलेली."

ग्लोरियानं त्यांचा हातच धरला. ती कृष्णवर्णीय होती, तिचे पणजोबा कापसाच्या शेतात गुलाम म्हणून राबलेले. आपल्या शहरात ती लोकांना हेच दाखवत फिरायची: कुठली इमारत आपल्या माणसांनी उभारली, कुठं त्यांची वस्ती होती.

मुलीनं ते मराठीत सांगितलं, तशा सारजाबाईंनी विचारलं, "असलं बघाया लोक येतेत?"

"लई लांबून येतात म्हणे," मुलीनं सांगितलं.

मग सारजाबाईंना चेव आला. पाझर तलाव, दुष्काळी कामावरच्या मजुरांना मिळायची ती सुकडी शिजायची ती जागा, मुकादमाशी भांडण झालं तो कोपरा, सगळं दाखवून झालं तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

आता संस्थेत कुणीही येवो, साहेब असो की कुणाची नवी सून, सारजाबाई आधी पायांत चपला सरकवतात. "च्या मागून पिऊ," त्या म्हणतात, "आदी चला."